अभिजात साहित्यातला उपरोध : अभिवाचनासाठी उतारे सुचवा (नाशिक)

गोदाकाठ
नाशिकमध्ये एका वाचनकट्ट्यासाठी दीड तासाचं अभिवाचन बसवायचं आहे. विषय ठरलाय : जुन्या, अभिजात म्हणाव्या अशा साहित्यातला उपरोध. सहा वाचक, दोन माइक, नेपथ्य-प्रकाश काही नाही. समोर अर्धी कॉलेजची मुलं, अर्धी निवृत्त मंडळी. प्रवेश विनामूल्य.

नुसती लेखकांची नावं नकोत, ती कुठेही मिळतात. उतारा कुठून कुठपर्यंत घ्यायचा, किती मिनिटं लागतील, वाचताना कुठे फसतं ते सांगा. आणि निव्वळ गमतीदार लेखन नको. चिमटा कोणाला बसतोय हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. मराठी, संस्कृत, परदेशी, सगळं चालेल.

तिसरी घंटा
जोनाथन स्विफ्टचं 'अ मॉडेस्ट प्रपोजल' (१७२९) घ्याच. मूळ अख्खं वाचलं तर अर्धा तास जातो, म्हणून कापून दहा मिनिटांवर आणा. मोठ्याने वाचताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे संहिता हजार-अकराशे शब्दांची करा.

आयर्लंडमधल्या गरिबांची मुलं वर्षाची झाली की श्रीमंतांच्या ताटात वाढावीत, असा हा प्रस्ताव. पण खरा धक्का हिशोबाचा आहे. लोकसंख्या १५ लाख. त्यात मुलं होऊ शकतील अशी २ लाख जोडपी. पोसायची ऐपत असलेली ३० हजार वजा. गर्भपात, आजार, अपघात यांपायी ५० हजार वजा. उरली वर्षाला १ लाख २० हजार मुलं. त्यातली २० हजार पैदाशीसाठी राखायची, त्यातही नर फक्त चौथा हिस्सा. बाकी १ लाख विक्रीला. जन्मताना वजन १२ पौंड, वर्षाने २८. सांभाळायचा खर्च चिंध्यांसकट २ शिलिंग, विक्रीची किंमत १०, आईला निव्वळ नफा ८.

हे आकडे कापू नका. लोक नेमके तेच कापतात आणि 'मुलं खा' एवढाच भाग ठेवतात. मग ते किळसवाणं वाटतं, उपरोध राहत नाही. आकड्यांमुळेच बोलणारा माणूस उभा राहतो : सभ्य, अभ्यासू, देशहिताची कळकळ असलेला, आणि आपण काय बोलतोय याचा पत्ता नसलेला.

वाचणाऱ्याने अंदाजपत्रक वाचावं तसं वाचायचं. आवाजात खट्याळपणा आला, भुवई उडाली, एका शब्दावर जरी मिश्कील जोर दिला, की संपलं. श्रोत्याला 'हे खोटं आहे' असं तुम्हीच सांगितल्यासारखं होतं आणि त्याला स्वतः शोधायला काही उरत नाही.

ठेवायचे भाग : सुरुवातीचा भिकारणींचा रस्ता (इथे वाचक दयाळूच वाटला पाहिजे), मग हिशोब, मग प्रत्यक्ष प्रस्ताव, आणि ते वाक्य की हे अन्न जरा महाग पडेल, म्हणून जमीनदारांना फार योग्य, कारण आईबापांना त्यांनी आधीच खाल्लंय. सहा फायद्यांपैकी दोन पुरे. मग 'दुसरे उपाय मला सांगू नका' हा परिच्छेद पूर्ण. परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर लावा, देशात बनलेला माल वापरा, कुळांशी जरा दयेने वागा : लेखकाला खरोखर हवे असलेले उपाय इथे झटकून टाकलेल्या यादीत दडलेत. इथे वेग कमी करा. शेवट : यात माझा काडीचा स्वार्थ नाही, माझं धाकटं मूल नऊ वर्षांचं आणि बायकोचं मूल होण्याचं वय गेलेलं.

भाषांतराबद्दल एकच. मूळ लेखक प्रस्ताव मांडायच्या आधीपासूनच गुराढोरांची भाषा वापरतो. मराठीत वेत, व्याणे, पैदास असे शब्द पहिल्या मिनिटातच पेरून ठेवा. शेतकरी घरातल्या श्रोत्याच्या ते आधी लक्षात येतं, असा अंदाज.

द्राक्षबाग
हेच लासलगावचा कांदा आणि नाशिकचे शेतकरी घेऊन केलं तर? लोकांना जवळचं वाटेल.

तिसरी घंटा
नको राव. मग ते स्विफ्टचं राहत नाही, नवा लेख होतो, आणि त्याला नवा हिशोब लागतो. इतका चोख हिशोब आठवड्यात बसत नाही. शिलिंग शिलिंगच ठेवा, रुपये करू नका.

पढतमूर्ख
परदेशी बरंच येईल, पण नाशिकमध्ये वाचताय आणि तुकोबांचा सिंहस्थाचा अभंग नाही, असं कसं चालेल?

आली सिंहस्थपर्वणी । न्हाव्या भटां जाली धणी ॥
अंतरीं पापाच्या कोडी । वरि वरि बोडी डोई दाढी ॥
बोडिलें तें निघालें । काय पालटलें सांग वहिलें ॥
पाप गेल्याची काय खूण । नाहीं पालटले अवगुण ॥

आणि शेवटी भक्तिभावाविण 'अवघा सीण'. (प्रतीप्रतीत ऱ्हस्व-दीर्घ थोडं हलतं. तुमच्याकडच्या गाथेबरहुकूम घ्या, पण दोन प्रतींची खिचडी करू नका.)

यातली कारागिरी बघा. पहिल्या ओळीत पर्वणी, म्हणजे मोठा पुण्यकाळ. दुसऱ्याच अर्ध्यात ती कोणाची पर्वणी आहे ते कळतं : न्हाव्याची आणि भटाची. धणी म्हणजे पोटभर तृप्ती. उपदेश अजून सुरूही झालेला नाही आणि हिशोब मांडून झाला. मग 'बोडिलें तें निघालें' हा बिनतोड युक्तिवाद. केस होते, ते गेले. पाप गेलं याची खूण दाखवा.

हा गाऊ नका. चाल लागली की लोक डोळे मिटतात, मान डोलवतात आणि ओळ अंगावरून निघून जाते. बोलून वाचा, संथ, आणि 'काय पालटलें' नंतर पूर्ण दोन सेकंद थांबा. सगळा मिळून दीड-दोन मिनिटं.

गोदाकाठ
अभंग फर्मास आहे. पण इथे अर्ध्या शहराचं पोट पर्वणीवर चालतं. कोणी दुखावलं तर?

पढतमूर्ख
वाचताना आधी-मागे काही बोलू नका, म्हणजे दुखावत नाही. अडचण निवेदनातून येते. 'आजही आपण बघतो की...' असं निवेदकाने सुरू केलं की तुकोबा बाजूला राहतात आणि भांडण निवेदकाशी होतं. एकच वाक्य : 'तुकाराम महाराज, सिंहस्थाविषयी.' बास.

वाळवी
नाशिकचंच बोलायचं तर समर्थ टाकळीला राहिलेले. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातले दोन समास जोडीने घ्या : पहिला मूर्खलक्षणाचा आणि दहावा पढतमूर्खाचा. (वरच्या सदस्यांनी नाव तिथूनच उचललेलं दिसतंय.)

मांडणी अशी करा. पहिल्या समासातल्या दहा ओव्या. एक वाचक तीन चरण वाचेल, चौथा 'तो येक मूर्ख' बाकीचे पाचजण मिळून म्हणतील. उदाहरणार्थ,

आपली आपण करी स्तुती । स्वदेशीं भोगी विपत्ति । सांगे वडिलांची कीर्ती । तो येक मूर्ख ॥

तिसऱ्या-चौथ्या ओवीपासून श्रोतेही चौथा चरण म्हणू लागतात, ते आपोआप होतं. होऊ द्या. सगळं सभागृह दुसऱ्याला मूर्ख म्हणण्यात रमलं की काही न सांगता दहाव्या समासावर उडी मारा :

बहुश्रुत आणि वित्पन्न । प्रांजळ बोले ब्रह्मज्ञान । दुराशा आणि अभिमान । धरी तो येक पढतमूर्ख ॥

आता अंगुलिनिर्देश वाचणाऱ्या-ऐकणाऱ्यांवर येतो. अभिवाचनाला येणारा माणूस पढतमूर्खाच्या व्याख्येत बसायला अगदी लायक असतो. इथल्या पाच ओव्या पुरेत. दोन्ही मिळून सात मिनिटं.

कुठे फसेल : ओव्या निवडताना. पहिल्या समासात आईबापांना विरोध करून बायकोला सखी मानणाराही मूर्खच ठरतो, आणि अशा आणखी ओव्या आहेत. त्या वाचल्या तर तरुण मंडळी ओवी सोडून त्यावर वाद घालतील. त्या गाळा, पण गाळताना बदलू नका. शब्द मऊ करून वाचणं सगळ्यात वाईट.

अनुस्वार
दासबोध उपरोधात बसतो का, मला शंका आहे. ती लक्षणांची यादी आहे, सरळ सांगितलेली. स्विफ्टमध्ये बोलणारा एक आणि लेखक दुसरा. इथे बोलणारे समर्थच.

वाळवी
लिहिलेल्या पानावर तुमचं बरोबर आहे, ताई. पण वरच्या पद्धतीने वाचलं की सापळा तयार होतो. अभिवाचनात तेवढं पुरतं.

अनुस्वार
ठीक, सापळा म्हणून मान्य. साहित्यप्रकार म्हणून अजून नाही.

संस्कृतातून दोन सुचवते. पहिलं 'मत्तविलास प्रहसन', सातव्या शतकाच्या सुरुवातीचं, लेखक पल्लव राजा महेंद्रवर्मा पहिला. कांचीत सत्यसोम नावाचा कापालिक (माणसाची कवटी, म्हणजे कपाल, भिक्षापात्र म्हणून वापरणारा शैव साधू) आणि त्याची सोबतीण देवसोमा दारू पिऊन फिरताहेत आणि त्याचं भिक्षेचं कपाल हरवलंय. त्यात भाजलेलं मांस होतं, म्हणून संशय कुत्र्यावर आणि नागसेन या बौद्ध भिक्षूवर. भांडण मिटवायला पाशुपत, म्हणजे दुसऱ्या शैव पंथाचा साधू, येतो. शेवटी कपाल एका वेड्याकडे सापडतं, त्याने ते कुत्र्याकडून मिळवलेलं.

दोन तुकडे घ्या. एक, गुत्ता म्हणजे यज्ञशाळा हे कापालिकाचं वर्णन : पाटीचा खांब हा यूप (यज्ञातला खांब), दारू हा सोम, पिणारे ऋत्विज (यज्ञाचे पुरोहित), प्याले चमस (सोमाची पात्रं), भाजलेलं मांस हे हवी (आहुती). संपूर्ण श्रौतविधीच्या शब्दांत, एकही शब्द हलका नाही. वाचणाऱ्याने पुरोहितासारखं खणखणीत वाचावं. दोन, नागसेनाचं स्वगत : भगवंतांनी मऊ बिछाने दिले, वेळेवर जेवण दिलं, विडा दिला, मग मद्य आणि स्त्रिया कशा दिल्या नाहीत? नक्कीच दिल्या असणार. मत्सरी म्हाताऱ्या थेरांनी (ज्येष्ठ भिक्षूंनी) पिटकातून, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथांतून, ती वचनं गाळली. आता अस्सल मूळ पाठ शोधला पाहिजे. विद्वत्तेचा वापर कशासाठी चाललाय ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

सावधानी महत्त्वाची. त्रिरश्मी या बौद्ध लेण्यांच्या गावात फक्त नागसेनाचा भाग वाचलात तर ती एका धर्माची टवाळी वाटेल, आणि वाटणं रास्त आहे. नाटकात कापालिक, पाशुपत, भिक्षू सगळेच सोलून निघतात. म्हणून कापालिक आधी, भिक्षू नंतर, आणि दोन्ही भागांची लांबी जवळपास सारखी. नऊ मिनिटं.

दुसरं 'कलिविडंबन', मदुरैचे नीलकंठ दीक्षित, सतरावं शतक. शंभराच्या आसपास सुटे श्लोक आणि प्रत्येक श्लोक म्हणजे धंद्यात यशस्वी कसं व्हावं याची सूचना. पहिलाच असा :

न भेतव्यं न बोद्धव्यं न श्राव्यं वादिनो वचः ।
झटिति प्रतिवक्तव्यं सभासु विजिगीषुभिः ॥

सभा जिंकायची असेल तर घाबरायचं नाही, समजून घ्यायचं नाही, समोरच्याचं ऐकायचं नाही, फटकन उत्तर द्यायचं. मग ज्योतिषी :

पुत्र इत्येव पितरि कन्यकेत्येव मातरि ।
गर्भप्रश्नेषु कथयन् दैवज्ञो विजयी भवेत् ॥

गर्भाबद्दल विचारलं तर बापाला सांगायचं मुलगा, आईला सांगायचं मुलगी. काहीही झालं तरी एकजण वाहवा करणारच. आयुष्याबद्दल विचारलं तर दीर्घायुष्य सांगायचं : जगले ते मान देतील, मेले ते जाब विचारायला येणार नाहीत. चार-पाच श्लोक, संस्कृत एकाने, मराठी दुसऱ्याने, तीन मिनिटांत उरका. जास्त घेतले तर सुभाषितांच्या तासासारखं होतं.

जात्यावरची
कलिविडंबनाच्या ज्योतिष्याला लागूनच महात्मा फुल्यांचं 'तृतीय रत्न' ठेवा. १८५५ सालचं नाटक. मराठी पुस्तकांना बक्षीस देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारलं आणि शंभरहून जास्त वर्षं छापलं गेलं नाही. जोशी कुणब्याच्या घरी येतो, घरात बाई गरोदर, नवरा बाहेर गेलेला. ग्रहांची भीती घालून तो तिच्याकडून दानधर्म उकळायची तयारी करतो. दीक्षितांच्या श्लोकात जी युक्ती दोन ओळींत आहे, तीच इथे एका घरात शिरून पायरी-पायरीने चालताना दिसते : आधी गोड बोलणं, मग गर्भाची काळजी, मग ग्रह, मग उपाय, मग उपायाचा खर्च, मग कर्ज. श्लोक ऐकून हसलेल्या माणसाला इथे हसू येत नाही. ही जोडी जमली तर कार्यक्रमातला सगळ्यात कसदार भाग हाच होईल.

पहिला भाग घ्या, चौदा मिनिटं. उत्तरार्धात पाद्र्याची लांब भाषणं आहेत. ती वाचून दाखवायला जड, आणि त्यात उपरोधापेक्षा प्रतिपादन आहे. शेवट हवा असेल तर नवरा-बायको रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतात तेवढं निवेदनात सांगा.

विदूषकाकडे लक्ष द्या. तो संस्कृत नाटकातला पोट सुटलेला खादाड नाही. तो जोशाचं खरं पाहतो आणि प्रेक्षकांना सांगतो, पण पात्रांना त्याचं बोलणं अडवत नाही. दोन माइक आहेत ना? एक माइक पूर्ण विदूषकाला द्या, बाजूला उभा करा, श्रोत्यांकडे तोंड. बाकी पात्रं दुसऱ्या माइकवर. विदूषक त्यांच्यात मिसळला की कोण कोणाला ऐकतंय याचा गोंधळ होतो. भाषा जुनी आहे, ती आधुनिक करू नका. मात्र वाक्यं लांब आहेत, म्हणून श्वास कुठे घ्यायचा त्याच्या खुणा संहितेवर आधीच करून ठेवा.

शार्दूल
कवितेतलं विडंबन कोणी घेतलं नाही म्हणून. केशवसुतांची 'आम्ही कोण?' आणि त्यावर अत्र्यांचं (केशवकुमार या नावाने, 'झेंडूची फुले', १९२५) त्याच नावाचं विडंबन. दोन्हींच्या पहिल्या ओळी शेजारी ठेवा.

'आम्ही कोण?' म्हणूनि काय पुससी? आम्ही असू लाडके
'आम्ही कोण?' म्हणूनि काय पुसता दाताड वेंगाडुनी?

दोन्ही शार्दूलविक्रीडित. म स ज स त त ग हा गणक्रम, १९ अक्षरं, बाराव्या अक्षरावर यती (थांबा). बाराव्यापर्यंत ओळ जवळजवळ तीच आहे, 'पुससी'चं 'पुसता' झालं एवढंच. यतीनंतरची सात अक्षरं बदलली : 'आम्ही असू लाडके'च्या जागी 'दाताड वेंगाडुनी', तेच गुरू-गुरू-लघू, गुरू-गुरू-लघू, गुरू. एक मात्रा इकडची तिकडे नाही. देवाच्या लाडक्यापासून दाताडापर्यंतची घसरण त्या सात अक्षरांत होते, आणि ओळ छंदात पक्की असल्यामुळेच ती घसरण वाटते. बहुतेक हौशी विडंबनं इथेच आपटतात. छंद सैल सोडतात आणि मग मूळ कविता कानात वाजतच नाही.

क्रम चुकवू नका. मूळ सुनीत आधी, पूर्ण चौदा ओळी, गंभीरपणे. तरुण श्रोत्यांना ते पाठ नसतं. मग विडंबन. आणि अत्र्यांचा रोख केशवसुतांवर नाही हे एका वाक्यात सांगा. फोटो मासिकात छापून आल्याने मोठे झालेले कवी हे गिऱ्हाईक. त्या पुस्तकाचा मुख्य रोख त्या काळच्या रविकिरण मंडळ या कविमंडळावर. चार मिनिटं.

द्राक्षबाग
अत्र्यांचं वाचायला परवानगी लागते ना?

तिसरी घंटा
आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजून. अत्रे १९६९ला गेले, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत. पु. ल. २००० साली, म्हणजे २०६०. केशवसुत, फुले, गडकरी (१९१९), श्री. कृ. कोल्हटकर (१९३४) मोकळे. चिं. वि. जोशी १९६३ला गेले, तेही मोकळे झाले. प्रकाशित साहित्यातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचून दाखवायला कायद्यात सूट आहे, त्यामुळे एक कविता किंवा तुकडा वाचण्यात अडचण नाही. अख्खा अंक वाचणं, त्याचं चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकणं, ही वेगळी गोष्ट. आणि भाषांतराचा हक्क स्वतंत्र असतो हे विसरू नका. मूळ स्विफ्ट मोकळा असला तरी गेल्या वीस वर्षांत कोणी केलेलं मराठी भाषांतर मोकळं नाही. स्वतः करा.

पिंपळपार
गोगोल! 'इन्स्पेक्टर जनरल' (१८३६). पुलंनी याच नाटकावरून 'अंमलदार' केलं, पण वरचा मुद्दा पाहता मुळावरून स्वतःचं भाषांतर बरं.

लोक हमखास शेवटचा भाग निवडतात, जिथे नगराध्यक्ष म्हणतो, 'कोणाला हसताय? स्वतःलाच हसताय!' तो आधीच्या चार अंकांशिवाय उभा राहत नाही. त्याऐवजी चौथ्या अंकातला लाचेचा प्रसंग घ्या. ख्लेस्ताकोव्ह हा राजधानीतला फुटकळ कारकून, खिशात दमडी नाही, त्याला सगळे बडा तपासनीस समजलेत. अधिकारी एकेक करून भेटायला येतात. न्यायाधीश मुठीत नोटा घट्ट धरून, घाबरून, नोटा खाली पडतात. ख्लेस्ताकोव्ह म्हणतो, हे मला उसने द्या ना. ३०० रुबल. पोस्टमास्तर ३००. शाळातपासनीस ३००. धर्मादाय संस्थांचा प्रमुख इतरांच्या चुगल्या करतो आणि ४०० देतो. मग बॉबचिन्स्की आणि डॉबचिन्स्की. त्यांच्याकडे हा १००० मागतो आणि दोघांचे खिसे झाडून निघतात ६५.

वेळ कमी म्हणून एखादा अधिकारी गाळायचा मोह होईल. गाळू नका. ३००, ३००, ३०० ही लय बसल्याशिवाय ४००ला अर्थ नाही आणि ६५ला हशा नाही. गाळायचं तर प्रत्येक भेटीतलं संभाषण बारीक करा, भेटी पाचही ठेवा. ख्लेस्ताकोव्ह लबाड वाचू नका. तो योजना आखून लुटत नाही. समोर आलं ते घेतो, आणि आपण खरंच उसने घेतोय असं त्याला वाटतं. तो धूर्त झाला की शहरातले अधिकारी बिचारे होतात, आणि नाटकाचा रोख उलटतो. पंधरा मिनिटं. चार वाचक पुरतात, पण अधिकाऱ्यांचे आवाज वेगळे ऐकू आले पाहिजेत.

जाता जाता : न्यायाधीश आधी एकदा सांगतो की मी लाच घेतो पण शिकारी कुत्र्यांची पिल्लं घेतो, ती गोष्ट वेगळी. तेवढं वाक्य निवेदनात घाला.

गोदाकाठ
गडकरी कोणीच सुचवले नाहीत? त्यांनी बाळकराम या नावाने लिहिलेली 'लग्नाच्या मोहिमेची पूर्वतयारी' डोक्यात होती.

जात्यावरची
लग्न जमवणं म्हणजे लष्करी मोहीम ही कल्पना झकास, आणि हुंड्याच्या बाजारावरचा रोखही खरा. पण जिचं लग्न जमवायचं त्या ठकीच्या रूपावरून जे विनोद आहेत ते आज ऐकताना चिमटा मुलीला बसतो, वरपक्षाला नाही. ते काढले तर अर्धा लेख जातो.

वाळवी
ठकी कुरूप असण्यावरच त्या सगळ्या धावपळीचा डोलारा उभा आहे. बाळकराम आणि तिंबूनाना हेही हास्यास्पदच आहेत. मी घेईन.

जात्यावरची
हास्यास्पद आहेत, पण त्यांना सुटका आहे, तिला नाही. वाचून बघा मुलींसमोर. शिवाय त्या गद्यात कोट्या इतक्या दाट आहेत की कानाने ऐकताना तिसऱ्यातली एक पोचते. कोल्हटकरांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'चंही तेच : डोळ्यांनी वाचायला बहार, माइकवर दम लागतो.

पिंपळपार
परदेशीत अजून एक लहानसं : व्हॉल्तेरच्या 'कांदीद'चं (१७५९) सहावं प्रकरण. लिस्बनचा भूकंप खरा, १ नोव्हेंबर १७५५. त्यानंतर शहाण्या मंडळींनी ठरवलं की काही माणसं मंद आचेवर समारंभपूर्वक जाळली की भूकंप हमखास टळतो. जाळली. त्याच दिवशी पुन्हा भूकंप झाला. प्रकरण दीड-दोन पानांचंच, चार मिनिटं, काहीही कापू नका. सर्व्हांतेसच्या 'दोन किहोते'तला पवनचक्क्यांचा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो, तो टाळा. घ्यायचाच तर पहिल्या भागाचं सहावं प्रकरण, जिथे पाद्री आणि न्हावी मिळून कोणती पुस्तकं जाळायची ते ठरवतात आणि सर्व्हांतेसचं स्वतःचं पुस्तकही हातात येतं. पण त्यातली पुस्तकांची नावं आपल्याकडे कोणाला ओळखीची नाहीत, म्हणून मी तरी सोडेन.

पढतमूर्ख
नाथांचा रोडगा राहिला.

सत्वर पाव गे मला । भवानीआई रोडगा वाहीन तुला ॥

सासरा गावी गेलाय, तिकडेच खपव. सासू जाच करते, तिला निर्दाळ. जाऊ, नणंदेचं पोर, शेवटी दादला. मागणी एवढी मोठी आणि देवीला देऊ काय, तर एक रोडगा. जाड पिठाची निखाऱ्यावर भाजलेली भाकर ती. नवसाचा सौदा आणि घरातला छळ, दोन्ही एकाच वेळी पकडलेत.

लोक 'दादला'पाशी हशा घेऊन थांबतात. थांबू नका. शेवटच्या चरणात एका जनार्दनी म्हणतात, सगळेच जाऊ दे, एकलीच राहू दे मला. तिथे भारूड फिरतं. आतापर्यंत जिच्यावर हसलो ती काहीतरी वेगळंच मागत होती. हा चरण हशात बुडतो, म्हणून आधी हशा ओसरू द्यायचा.

अनुस्वार
'जाऊ बोडकी कर' हा चरण ठेवणार?

पढतमूर्ख
ठेवणार. तिची शापवाणी सभ्य करून चालणार नाही. छळ झालेली बाई दुसऱ्या बाईचं वैधव्य मागते, ते कटू आहे आणि तसंच ऐकू यावं. फक्त तिथे गायकाने प्रेक्षकांकडे बघून हशा मागू नये.

गोदाकाठ
आतापर्यंतची बेरीज : स्विफ्ट १०, तुकोबा २, दासबोध ७, मत्तविलास ९, कलिविडंबन ३, तृतीय रत्न १४, गोगोल १५, रोडगा ४, कांदीद ४, केशवसुत-अत्रे ४. एकूण ७२. निवेदन आणि हशा धरून दीड तासात बसतं. गडकरी यावेळी नाहीत. मध्यंतर ठेवत नाही. क्रम असा धरतोय : दासबोध, केशवसुत-अत्रे, मत्तविलास, कलिविडंबन, तृतीय रत्न, कांदीद, गोगोल, स्विफ्ट, तुकोबा, रोडगा.

तिसरी घंटा
गोगोलच्या लगेच नंतर स्विफ्ट नको. पंधरा मिनिटं हसलेले लोक स्विफ्टच्या पहिल्या परिच्छेदातच हसायला लागतील आणि हिशोब बुडेल. तृतीय रत्ननंतर स्विफ्ट लावा, तिथे सभागृह गंभीर असतं. मग कांदीद, मग गोगोल.

जात्यावरची
सहमत. आणि तृतीय रत्न ते स्विफ्टच्या मध्ये टाळ्यांना जागा देऊ नका, निवेदकाने लगेच '१७२९, डब्लिन' एवढंच म्हणावं.

गोदाकाठ
बदललं. रोडग्याला संबळ मिळेल असं दिसतंय. लावू का?

पढतमूर्ख
बंद सभागृहात दोन माइकवर संबळ लावलात तर शब्द ऐकू येणार नाहीत. एक टाळजोडी आणि तुणतुणं पुरे, आणि शेवटच्या चरणाला तीही बंद.

गोदाकाठ
ठीक. तुणतुणं कोणाकडे असेल तर इथेच कळवा, तालमी पुढच्या रविवारपासून.